पद्मिनीच्या नट-बोल्ट, बिजागर आणि क्लॅम्पला झिंक प्लेटिंग: घरी काय करायचं, बाहेर काय द्यायचं आणि कशाला हातही लावायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा: प्रीमियर पद्मिनी पूर्ण उघडली आहे. बॉडी रंगायला गेली आहे आणि इकडे दोन-तीन डबे भरून नट-बोल्ट, ब्रॅकेट, बिजागर, कार्बोरेटरचे लिव्हर, होज क्लॅम्प पडले आहेत. झिंक प्लेटिंगवाले (विजेच्या प्रवाहाने पोलादावर जस्ताचा पातळ थर चढवणारे) एवढा छोटा लॉट घ्यायला तयार नाहीत. घेतलाच तर बॅरलमध्ये (फिरत्या पिंपात) टाकतात आणि अर्धे भाग परत मिळत नाहीत. मग हे घरी करता येईल का? आणि पिवळं झिंक बरोबर की पांढरं?

घरी करता येतं आणि चांगलं होतं. पण रसायनांची खरेदी करण्याआधी डबा रिकामा करून वर्गवारी करा. प्लेटिंग फसलं तर ते पुन्हा काढून करता येतं. चुकीच्या भागाला प्लेटिंग केलं तर तो भाग गाडी चालताना तुटू शकतो.

कारण आहे हायड्रोजन. ॲसिडमध्ये गंज काढताना आणि टाकीत प्लेटिंग होताना लोखंडावर हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात शिरतो. मऊ पोलादाला त्याचा त्रास होत नाही. कडक केलेल्या पोलादात मात्र तो दाण्यांच्या सीमेवर साठतो. बोल्ट आवळताना काहीच जाणवत नाही, आणि काही तासांनी किंवा काही दिवसांनी डोकं तुटून पडतं. म्हणून बोल्टच्या डोक्यावरचे आकडे, म्हणजे ताकदीची ग्रेड, वाचा. ८.८ पर्यंतचे बोल्ट घरच्या टाकीत चालतात. १०.९ आणि १२.९ बाजूला काढा. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि सीट बेल्टच्या अँकरचे बोल्ट, मग त्यांच्यावर आकडा असो वा नसो, घरी प्लेट करू नका. त्याच ग्रेडचे नवे घ्या. ब्रेक शूच्या स्प्रिंग, क्लचच्या स्प्रिंग, व्हॉल्व्ह स्प्रिंग, सर्क्लिप हेही त्याच ढिगात. आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं तो स्प्रिंग वॉशर: तो कडक पोलादाचाच असतो. जुने स्प्रिंग वॉशर सरळ भंगारात टाका. नवा काही रुपयांना मिळतो.

कडक भागाला प्लेटिंग करायचंच असेल तर प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत १९० ते २२० अंश सेल्सिअसला निदान ८ तास भाजावं लागतं, तेही पॅसिव्हेशनच्या (झिंकवर चढवायच्या क्रोमियमच्या संरक्षक, रंग देणाऱ्या थराच्या) आधी. तापमान खात्रीने धरणारी भट्टी असलेल्या युनिटचं ते काम आहे. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको.

अजून दोन गोष्टी वगळा. एक म्हणजे सायलेन्सर आणि मॅनिफोल्डच्या आसपासचं सगळं. तिथल्या उष्णतेत पॅसिव्हेशनचा थर आधी मरतो, मग झिंकही टिकत नाही. दुसरं, कार्बोरेटरची बॉडी. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, ॲसिडमध्ये गेली की खाल्ली जाते. बॉडीवर बसलेले लिव्हर, लिंक, स्क्रू हे पोलादी भाग मात्र सोडवून प्लेट करायचे.

रंगाचं उत्तर तुमच्याच गाडीत आहे. जिथे ग्रीस साचलेलं होतं, वॉशर दाबून बसला होता किंवा दाराच्या ट्रिममागे पाऊस पोचला नाही, तिथे बघा. ब्रॅकेटवरून वॉशर उचलला की त्याच्याखाली मूळ फिनिशचं कडं जसंच्या तसं सापडतं: कधी सोनेरी-हिरवट झाक, कधी निळसर पांढरं, कधी नुसतं काळं फॉस्फेट. साफ करायच्या आधी त्याचा दिवसाउजेडात फोटो काढा. कुर्ल्याला १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून निघालेली ही गाडी पुढे पद्मिनी या नावाने दशकानुदशकं बनत राहिली. एवढ्या काळात पुरवठादार बदलले, फिनिश बदललं. दुसऱ्याच्या १९७० च्या दशकातल्या गाडीत काय होतं त्यावरून तुमच्या ८० च्या दशकातल्या गाडीचं ठरवू नका.

आता तयारी. चमक आणि पकड दोन्ही इथेच ठरतात. ८ मायक्रॉनचा थर म्हणजे केसाच्या जाडीचा लहानसा अंश. तो खड्डे बुजवत नाही, उलट उठून दाखवतो. आधी रॉकेलमध्ये ब्रश मारून ग्रीस काढा. मग लिटरला ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि थोडा धुण्याचा सोडा घातलेल्या ६० ते ७० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं ठेवा. यात ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा ओतीव भाग चुकूनही जाऊ देऊ नका. डोळ्यांवर गॉगल आणि हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. गरम कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर नुकसान कायमचं होतं.

गंजासाठी लिंबूसत्त्व उत्तम: ५ ते १० टक्के द्रावण, ४ ते १२ तास, मधूनमधून ब्रश. वेळ लागतो, पण लोखंड कमी खाल्लं जातं. जुनं झिंक काढायला मात्र हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं. बाजारातलं ३०-३३ टक्क्यांचं असतं. २ भाग पाण्यात १ भाग ॲसिड, नेहमी ॲसिड पाण्यात ओतायचं. जुनं झिंक जोरात फसफसतं आणि ते संपलं की फसफस एकदम मंदावते. तीच बाहेर काढायची खूण. अजून थोडा वेळ राहू दे म्हटलं तर पृष्ठभाग खरखरीत होतो, काळी बुरशीसारखी काजळी धरते आणि हायड्रोजनही जास्त शिरतो. ओतीव लोखंडाच्या भागाला तर काही सेकंद पुरेत, नाहीतर ग्राफाइट उघडं पडतं आणि त्यावर झिंक नीट बसत नाही. ॲसिडचं काम गच्चीवर किंवा अंगणात करा. बंद झाकणातूनही त्याची वाफ येते आणि गॅरेजमधले पाने, ड्रिल, सोललेली बॉडी एका रात्रीत लाल करते.

काजळी वायर ब्रशने काढा. मग हव्या त्या फिनिशप्रमाणे वायर व्हील मारा किंवा काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करा. ब्लास्टिंगनंतर झिंक मऊ, सॅटिनसारखं दिसतं, बफिंगनंतर आरशासारखं. जुन्या गाडीच्या ब्रॅकेटला आरसा शोभत नाही. कारखान्यातही ते कधी बफ करून लावले नव्हते.

शेवटची परीक्षा पाण्याची. भाग स्वच्छ पाण्यात बुडवून वर काढा. पाण्याची सलग पातळ चादर ३० सेकंद टिकली पाहिजे. एखाद्या जागी पाणी फाटून थेंब झाले की तिथे तेल आहे, आणि प्लेटिंग तिथूनच सोलणार. पुन्हा कॉस्टिकमध्ये टाका. या परीक्षेनंतर भागाला उघड्या बोटाचा स्पर्श नको.

टाकीसाठी घरी ॲसिड क्लोराइड पद्धत योग्य. सायनाइडची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते, पण सायनाइड आणि ॲसिड एकत्र आले की प्राणघातक वायू निघतो. घरात ते द्रावण कधीही आणू नका. १० लिटरच्या क्लोराइड द्रावणाला हे लागतं:

झिंक क्लोराइड ७०० ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड २ किलो
बोरिक ॲसिड ३०० ग्रॅम
क्लोराइड झिंकसाठीचं कॅरिअर आणि ब्राइटनर (थर एकसारखा आणि चमकदार करणारी तयार रसायनं), पुरवठादाराच्या कागदावर असेल तेवढंच
डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी

पोटॅशियम क्लोराइड इंडस्ट्रियल ग्रेडचं पांढरं घ्या. खताचं लाल पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यातल्या लोहाने टाकी पहिल्याच दिवशी बिघडते. कॅरमची पावडर म्हणून मिळणारं बोरिक वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय कळत नाही. बोरिक थंड पाण्यात विरघळायला रडवतं. ते वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून ओता. झिंक क्लोराइड पाण्यात पडलं की तापतं, म्हणून थोडं थोडं टाका. द्रावण दुधाळ दिसलं तर पातळ हायड्रोक्लोरिकचे थोडे थेंब टाकले की निवळतं. पीएच ५ ते ५.५ ठेवा. वापरता वापरता तो वर सरकतो, म्हणून दर बैठकीला पीएच पेपर लावा आणि पातळ ॲसिडने खाली आणा. तापमान २० ते ३५ अंश. नागपूर-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी टाकी ४० च्या पुढे जाते आणि ब्राइटनर गढूळ होऊन वर तरंगायला लागतं. तिथे काम पहाटे उरका.

ॲनोड, म्हणजे सप्लायच्या प्लसला जोडून टाकीत टांगायचे जस्ताचे तुकडे, शुद्ध जस्ताचे हवेत, ९९.९९ टक्के. बोटीचे जस्ताचे ॲनोड स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, त्यात मुद्दाम इतर धातू मिसळलेले असतात. स्टेनलेसचा ॲनोड तर मुळीच नको: क्लोराइडमध्ये तो विरघळून क्रोमियम आणि निकेल टाकीत सोडतो. ॲनोडचं क्षेत्रफळ भागांच्या दीड ते दोन पट, टाकीच्या दोन्ही बाजूंना, भागापासून १० ते १५ सेंटिमीटरवर. पॉलिप्रॉपिलीन कापडाची पिशवी घाला. ॲनोड टांगायचा तांब्याचा हूक द्रावणाला टेकता कामा नये. काम संपलं की ॲनोड बाहेर काढा. करंट नसतानाही ते विरघळत राहतात.

नवीन टाकीत लगेच चांगला भाग सोडू नका. घड्या पाडलेला पत्रा टांगून दर चौरस डेसिमीटरला ०.२ ते ०.५ अँपिअर करंटने काही तास चालवा. रसायनांतून आलेलं तांबं, शिसं त्या पत्र्याच्या खोबणींत काळं होऊन बसतं.

करंटचा हिशोब क्षेत्रफळावर करायचा, अंदाजाने नाही. एक उदाहरण घ्या. १३ चा पाना लागतो तो एम८ बोल्ट, २५ मिलिमीटर लांब. आटे, डोक्याच्या सहा बाजू, वर-खाली सगळं धरलं तर साधारण ०.१५ चौरस डेसिमीटर. १० बोल्ट म्हणजे १.५. दर चौरस डेसिमीटरला २ अँपिअर धरले तर पॉवर सप्लायवर ३ अँपिअर लावायचे. सप्लाय करंट स्थिर धरणारा हवा, ०-३० व्होल्ट आणि ५ ते १० अँपिअरचा बेंच सप्लाय पुरतो. व्होल्टेज साधारण ३ ते ६ च्या दरम्यान आपोआप स्थिरावतं. बॅटरी चार्जर नको, त्याच्या करंटवर ताबा राहत नाही.

फॅरडेच्या नियमाप्रमाणे १ अँपिअर तासभर वाहिला की १.२२ ग्रॅम जस्त बसतं. १ चौरस डेसिमीटरवर त्याची जाडी १७ मायक्रॉन भरते. थोडी घट धरून २ अँपिअरला मिनिटाला अर्ध्या मायक्रॉनपेक्षा किंचित जास्त. म्हणजे ब्रॅकेट, बिजागर, क्लॅम्पला ८ मायक्रॉनसाठी १५ मिनिटं.

बोल्टला मात्र १० मिनिटांवर थांबा. ६० अंशांच्या आट्यावर थर दोन्ही उतारांवर, दोन्ही अंगांना बसतो, त्यामुळे पिच व्यास (आट्याच्या उताराच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो. ८ मायक्रॉनचा थर झाला ३२ मायक्रॉन. एम८ च्या नेहमीच्या आट्याला नट आणि बोल्टमध्ये राखलेली किमान जागा २८ मायक्रॉन असते. ५ मायक्रॉनला नट हाताने फिरतो. ८ ला तो अडकू शकतो, आणि मग लोक त्यावर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवतात. डाय फिरवला की नुकतंच बसवलेलं झिंक नेमकं आट्यांवरूनच जातं.

पाण्याच्या परीक्षेत पास झालेला भाग ५ ते १० टक्के हायड्रोक्लोरिकमध्ये १०-३० सेकंद बुडवा, दोन वेगळ्या पाण्यात धुवा आणि ओला असतानाच टाकीत सोडा, करंट आधीच चालू ठेवून. तांब्याच्या तारेवर टांगायला हरकत नाही, तिच्यावरही झिंक बसतं. पण करंट बंद करून भाग आत लटकत ठेवला तर तांबं आणि लोखंड दोन्ही विरघळायला लागतात. मत्स्यालयाच्या पंपाने हवेचे बुडबुडे सोडत राहा. अर्ध्या वेळानंतर भाग किंचित फिरवा, म्हणजे तारेच्या स्पर्शाचा डाग राहत नाही.

दिसणाऱ्या दोषांवरून टाकीचं ओळखता येतं. कडा काळ्या, खरखरीत, जळल्यासारख्या: करंट जास्त, ॲनोड फार जवळ किंवा बोरिक कमी. खोलगट भागात झिंक नाही: तिथे करंट पोचत नाही. पाइपच्या किंवा ‘यू’ आकाराच्या ब्रॅकेटच्या आत जस्ताची तार, भागाला न टेकवता, दुसरा ॲनोड म्हणून धरा. थर आरशासारखा चमकतो पण वाकवला की कपच्या उडतात: ब्राइटनर जास्त. भाग चमकला नाही की बाटली ओतायची सवय लागते, आणि निम्म्या टाक्या त्यानेच वाया जातात. आधी पीएच, मग करंट, मग तापमान बघा. ब्राइटनर सगळ्यात शेवटी, तोही मिलिलिटरमध्ये. फोड आले तर सफाईकडे परत जा.

द्रावण हळूहळू पिवळट-तपकिरी होत असेल तर त्यात लोह शिरलंय. बहुधा एखादा वॉशर तळाशी पडून विरघळतोय. चुंबक फिरवून तो काढा. मग मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, १० लिटरला १० मिलिलिटर, पातळ करून ढवळत टाका. लोह गंजाच्या गाळाच्या रूपाने खाली बसतं; पीएच ५ च्या वर असेल तरच ते घडतं. दुसऱ्या दिवशी जाड कापडातून गाळून घ्या.

बिजागरांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. बॉनेट आणि दारांचे बिजागर, स्पॉट वेल्ड केलेले दुहेरी पत्र्याचे ब्रॅकेट, रिव्हेट मारलेले लिव्हर यांच्या फटींमध्ये ॲसिड आणि टाकीचं क्षारयुक्त पाणी अडकतं. भाग टाकीतून झकास निघतो, गाडीवर बसतो आणि दोन-तीन आठवड्यांनी फटीतून पांढरी पावडर आणि मग लाल ओघळ यायला लागतात. पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणच्या दमट हवेत, हे फार लवकर होतं. पिन काढून बिजागर सुटं करता आलं तर सुटंच प्लेट करा. करता येत नसेल तर हायड्रोक्लोरिक टाळा. लिंबूसत्त्व आणि ब्लास्टिंगवर भागवा. प्लेटिंगनंतर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास, मग साध्या पाण्यात दोनदा, आणि फटीत हवेचा प्रेशर मारा. एवढी धुलाई पॅसिव्हेशनच्या आधी झाली पाहिजे.

झिंकवर पॅसिव्हेशन केलं नाही तर दमट हवेत काही दिवसांतच पांढरा गंज धरतो. ६८ टक्क्यांचं नायट्रिक लिटरला ५ मिलिलिटर, त्यात ५ सेकंद बुडवा. मळकटपणा जाऊन झिंक उजळतं. या बुडवणीत काळं पडलं तर टाकीत तांबं आहे असं समजा. धुवून लगेच पॅसिव्हेशनमध्ये. घरी फक्त ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं घ्या. निळं आणि पिवळं दोन्ही मिळतं. जुनं अस्सल पिवळं हेक्झाव्हॅलंटचं असायचं आणि त्याची इंद्रधनुषी झाक ट्रायव्हॅलंटला तंतोतंत येत नाही, हे खरं आहे. पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्याचं सांडपाणी घरी हाताळण्यासारखं नाही. कॉन्कोर्ससाठी (गाडी हुबेहूब मूळ रूपात दाखवायच्या स्पर्धेसाठी) तीच झाक हवी असेल तर ते भाग परवानाधारक युनिटला द्या.

पॅसिव्हेशनचा थर ओला असताना जेलीसारखा मऊ असतो. पुसू नका, एकमेकांवर टाकू नका. थंड पाण्यात हलकेच बुडवा आणि पंख्याखाली टांगा. हॉट एअर गन मारू नका. फार तापला तर त्या थराला बारीक भेगा पडून त्याचं संरक्षण कमी होऊ शकतं. २४ तासांनी हात लावा, मगच जोडणीला घ्या.

धुलाईचं पाणी नालीत सोडायचं नाही. एका ड्रममध्ये साठवा, पातळ कॉस्टिकने पीएच ९ ते ९.५ पर्यंत आणा, जस्त गाळ होऊन बसतं. पॅसिव्हेशनचं धुवण वेगळं ठेवा. वाळलेला गाळ पिशवीत भरून अशा युनिटकडे द्या ज्यांच्याकडे घातक कचऱ्याची अधिकृत व्यवस्था आहे. पैसे घेऊन दुसऱ्यांचे भाग करायला लागलात तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते.

बाहेर द्यायचं ठरलं तर भोसरी, सातपूर, शिरोली, वागळे इस्टेट अशा औद्योगिक वसाहतींत विचारा. भाग साफ करून न्या. बोल्ट तांब्याच्या तारेत माळेसारखे ओवून न्या, प्रत्येक माळेला नंबर, सगळ्यांचा मोजणीसह फोटो. एका माळेत ओवलेले ४० बोल्ट ४०च परत येतात. सांगताना ‘झिंक मारून द्या’ एवढंच म्हणू नका. रॅकवर टांगून करा, बॅरलमध्ये नको. बोल्टला ५ मायक्रॉन, ब्रॅकेटला ८. ट्रायव्हॅलंट, निळं किंवा पिवळं. पिकलिंगमध्ये (गंज काढायच्या ॲसिडमध्ये) रात्रभर ठेवू नका. इलेक्ट्रोप्लेटेड झिंकसाठी आयएस १५७३ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख चलनावर करून घ्या. लॉट लहान असल्यामुळे नकार येत असेल तर दोन-तीन गाड्यांवर काम करणाऱ्यांनी मिळून एकच लॉट न्यावा, माळांच्या नंबरांवरून ज्याचं त्याला परत मिळतं.

आणि बसवताना बोल्ट कोरडा लावू नका. नव्या झिंकवर घर्षण बदलतं. आट्यांना तेलाचा एक थेंब लावा, पाना डोक्यावर पूर्ण बसवा आणि शक्यतो रिंग पाना वापरा. ओपन पान्याने कोपऱ्यावरचं झिंक सोललं जातं, आणि पहिला गंज तिथेच येतो.